पाचशे रुपयांचे मंत्री

१९ जुलै १९३७ रोजी बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर यांनी मुंबई इलाख्याचा कारभार हाती घेतला. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. मुंबईच्या गव्हर्नरचा पगार १९३५च्या कायद्याने वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला दहा हजार ठरवून दिलेला होता. खेरांच्या सहीसाठी फायली घेऊन येणारे वरिष्ठ आयसीएस सचिव महिन्याला तीन-साडेतीन हजारांच्या घरात कमावत. या सर्वांचे धोरण ठरवणाऱ्या पंतप्रधानांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःसाठी पगार ठरवला दरमहा पाचशे रुपये.

हिशेब करून पाहावा. राज्याचा कारभार लोकांच्या वतीने चालवणाऱ्याचा पगार गव्हर्नरच्या पगाराचा विसावा हिस्सा होता. सचिवाच्या एका महिन्याच्या पगारात मंत्र्याचे सहा महिने निघाले असते. जगाच्या इतिहासात गादीवर बसलेल्यांनी आपला पगार आपणच एवढा खाली आणल्याची उदाहरणे थोडी आहेत. एकाच वेळी अर्ध्या देशातल्या मंत्रिमंडळांनी तसे केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मुंबईसोबत मद्रास, संयुक्त प्रांत, बिहार, मध्य प्रांत आणि ओरिसा इथल्या काँग्रेस मंत्र्यांनीही हीच मर्यादा पाळली.

या पाचशे रुपयांची कथा सांगण्यासारखी आहे. तिच्यात त्याग आहे, राजकारण आहे आणि एक असा वाद आहे ज्यात समोरची बाजूही तितकीच खरी होती. ती बाजू मांडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

व्हाइसरॉयच्या पगाराचे गणित

पाचशेच्या आकड्याचा उगम पाहायचा तर २ मार्च १९३० या दिवसाकडे जावे लागते. दांडीयात्रेला निघण्यापूर्वी गांधीजींनी साबरमतीहून व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते दिल्लीला पोहोचवायला त्यांनी रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाच्या एका तरुण इंग्रजाची निवड केली. मिठावरच्या करासाठी हे पत्र प्रसिद्ध आहे. पण त्यात एक साधे त्रैराशिकही आहे.

व्हाइसरॉयला महिन्याला २१,००० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ७०० रुपयांहून अधिक. हिंदी माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. ब्रिटनच्या पंतप्रधानाला दिवसाला १८० रुपये पडतात आणि तिथल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला जवळजवळ दोन रुपये. म्हणजे ब्रिटनचा पंतप्रधान आपल्या देशबांधवाच्या नव्वदपट घेतो, तर हिंदुस्थानचा व्हाइसरॉय पाच हजार पटींहूनही अधिक. आयर्विन यांच्याविषयी व्यक्तिशः आदर असल्याचे गांधीजींनी त्याच पत्रात लिहिले होते. त्यांचे बोट होते ते अशी व्यवस्था उभी करणाऱ्या राज्याकडे. अशा व्यवस्थेला मुळापासून उखडून टाकायला हवे, असा त्या आकड्यांचा निष्कर्ष होता.

गांधीजींनी हे गणित मांडले आणि त्यांच्या हातून एक जबाबदारीही आपोआप पत्करली गेली. उद्या आपली माणसे त्या खुर्च्यांवर बसली तर किती घेणार, हा प्रश्न आता टाळता येणार नव्हता. वर्षभरातच त्याचे उत्तर द्यावे लागले.

मार्च १९३१च्या अखेरीस कराचीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष वल्लभभाई पटेल होते. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले होते आणि अधिवेशनावर त्या दुःखाची आणि संतापाची दाट छाया होती. त्याच अधिवेशनात मूलभूत हक्कांचा आणि आर्थिक धोरणाचा ठराव झाला. भाषणस्वातंत्र्य, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, मजुरांना जगण्यापुरते वेतन, अशा कितीतरी गोष्टी त्यात होत्या. पुढे आपल्या राज्यघटनेत जे आले त्याचे बीज इथे सापडते. या ठरावात एक कलम पगाराचे होते. मुलकी खात्यांचा खर्च आणि पगार मोठ्या प्रमाणावर कमी करावेत. खास नेमलेल्या तज्ज्ञांसारखे अपवाद सोडले तर सरकारच्या कोणत्याही नोकराला सर्वसाधारणपणे महिन्याला पाचशे रुपयांहून जास्त पगार देऊ नये.

पाचशे रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराची महिन्याची कमाई तेव्हा तीस रुपयांच्या आसपास होती. त्याच्या पंधरा-सोळापट घेणारा मंत्री काही संन्यासी ठरत नव्हता. परंतु एकीकडे गिरणगावातली चाळ आणि दुसरीकडे मलबार हिलवरचे गव्हर्नमेंट हाऊस, यांत पाचशे रुपये चाळीच्या पुष्कळ जवळ होते. आपण कोणाच्या जवळ उभे राहणार, एवढेच त्या आकड्याला सांगायचे होते.

पगाराचे हत्यार आणि पगाराचे व्रत

मंत्र्यांचा पगार हा विषय कायदेमंडळांना नवा नव्हता. १९१९च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. मंत्र्याला कार्यकारी मंडळाच्या सभासदाइतका पगार मिळावा, मात्र कायदेमंडळाने कमी रक्कम मंजूर केली तर तेवढीच मिळेल, अशी तरतूद त्यात होती. मुंबई, मद्रास आणि बंगालमध्ये कार्यकारी मंडळाच्या सभासदाचा पगार महिन्याला पाच हजारांवर जाई. या तरतुदीत स्वराज्य पक्षाला एक हत्यार सापडले. १९२४ साली बंगालच्या कौन्सिलात चित्तरंजन दासांच्या पक्षाने मंत्र्यांचा पगारच नामंजूर करून दाखवला. मध्य प्रांतात तर स्वराज्य पक्षाचे बहुमत होते आणि नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी होते. तिथल्या कौन्सिलने मंत्र्यांच्या पगारापोटी मंजूर केले वर्षाला दोन रुपये.

ते दोन रुपये ही लढाई होती. परकी सरकारच्या यंत्रणेचा गाडा अडवायचा म्हणून दुसऱ्याचा पगार कापलेला होता. १९३७चे पाचशे रुपये याहून वेगळ्या जातीचे होते. इथे माणसे कारभार चालवायला बसली होती आणि कात्री त्यांनी स्वतःच्याच खिशाला लावली होती.

महाराष्ट्राला असल्या व्रताची ओळख आधीपासून होती. पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवायचे ठरवले. सरकारी कॉलेजात किंवा वकिलीत याच्या कितीतरी पट मिळाले असते अशी ती माणसे होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वीस वर्षे फर्ग्युसनमध्ये तशा पगारावर काढली आणि १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन करताना तोच नियम सार्वजनिक कामाला लावला. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीनेच दुसरीही गोष्ट दाखवून दिली. आजीव सभासदाने बाहेरून काही मिळवावे की नाही, गरज वाढली तर पगार वाढवावा की नाही, यावरून टिळक आणि आगरकर-गोखले यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि १८९०च्या सुमारास टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्याग कितीही शुद्ध असो, तो सगळ्यांच्या वतीने नियम म्हणून घातला की घराघरातल्या अडचणी त्याला येऊन भिडतात. एवढ्या मोठ्या माणसांनाही तो पेच सुटला नव्हता.

कोणी काय सोडले

१९३७च्या निवडणुकीत मुंबई कायदेमंडळाच्या १७५ पैकी ८६ जागा काँग्रेसने जिंकल्या. गव्हर्नर आपले खास अधिकार मंत्र्यांच्या रोजच्या कामात वापरणार नाही, असे आश्वासन मिळेपर्यंत अधिकार घ्यायचा नाही, असे काँग्रेसने ठरवले. त्यामुळे एप्रिलपासून साताऱ्याचे सर धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ आले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वर्ध्याला कार्यकारिणीने अधिकारग्रहणाला संमती दिली आणि खेरांचे सरकार आले.

या सरकारातली माणसे कोण होती हे पाहिले की पाचशे रुपयांचा अर्थ कळतो. खेर हे मुंबईतले नावाजलेले सॉलिसिटर होते. गृहखाते घेतलेले कन्हैयालाल मुन्शी हायकोर्टातले आघाडीचे वकील होते. त्यांच्या एका मोठ्या दाव्याच्या फीपुढे मंत्रिपदाचा पगार काहीच नव्हता. आरोग्यमंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर हृदयरोगाचे ख्यातनाम डॉक्टर होते. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण राहिलेले होते. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी १९३० साली डेप्युटी कलेक्टरची सरकारी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली होती. यांच्यातल्या बहुतेकांचे मंत्री झाल्यामुळे पैशाचे नुकसानच झाले.

गांधीजी त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ‘हरिजन’मधून मंत्र्यांना सतत बजावत होते. अधिकारपद हा काटेरी मुकुट आहे, तो मिरवायचा नाही. ते सैल हाताने धरावे, मुठीत आवळू नये. इंग्रज अधिकाऱ्यांची राहणी जेत्यांची राहणी आहे, तिची नक्कल करणारा मंत्री लोकांपासून तुटेल. कराचीचा आकडा ही कमाल मर्यादा होती, एवढे घेतलेच पाहिजेत असा त्याचा अर्थ नव्हता, हाही त्यातला मुद्दा होता. घर आणि वाहन यांची सोय मात्र पगाराबाहेर ठेवलेली होती. त्यावरून टीका झाली आणि ती रास्त होती. कोणत्याही काळात लोकप्रतिनिधीचा पगार पाहून भागत नाही, भत्त्यांचा आकडाही विचारावा लागतो, याचा धडा तेव्हाच मिळाला.

आणखी एक मोठी अडचण होती. कराचीच्या ठरावात पाचशेची मर्यादा फक्त मंत्र्यांना नव्हती, सरकारच्या सर्व नोकरांना होती. पण १९३५च्या कायद्याने आयसीएस आणि इतर वरिष्ठ सनदी नोकरांच्या पगाराला आणि हक्कांना भारतमंत्र्यांचे संरक्षण दिलेले होते. प्रांतिक मंत्र्याला त्यांच्या पगारातला एक रुपया कमी करता येत नव्हता. गव्हर्नरचा पगारही कायद्याच्या परिशिष्टात कोरलेला. वरच्या थरातला ज्याचा पगार खेरांना खऱ्या अर्थाने कापता येईल, असा माणूस एकच होता, तो म्हणजे मंत्री स्वतः. त्यांनी तेवढे केले. सचिवाच्या साडेतीन हजारांना हात लावता येत नसताना त्याच्या समोरच्या खुर्चीत पाचशे रुपयांवर बसून त्याला आदेश देणे, यात एक मूक निषेध होता आणि तो सचिवालयातल्या प्रत्येकाला समजत होता.

२३ ऑगस्ट १९३७

मंत्र्यांचे पगार कायदेमंडळाने कायदा करून ठरवावेत असे १९३५च्या कायद्यात म्हटले होते. त्यानुसार मंत्र्यांच्या पगाराचे विधेयक मुंबई विधानसभेत आले. देशभर वाहवा होत असलेल्या या विधेयकावर २३ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी विरोध केला.

हा विरोध करायला धैर्य लागत होते. पगार कमी घेण्याला विरोध म्हणजे लोभाची बाजू घेणे, असा गैरसमज होणे सोपे होते. पण आंबेडकरांनी भावनेत न शिरता प्रश्नच बदलून टाकला. मंत्र्याचा पगार ठरवताना कोणत्या गोष्टींचा विचार करायचा, असे विचारून त्यांनी चार कसोट्या मांडल्या. मंत्र्याची सामाजिक राहणी ही पहिली, त्याची कार्यक्षमता ही दुसरी, लोकशाही ही तिसरी, आणि कारभाराची सचोटी व शुद्धता ही चौथी. पाचशेचा आकडा यांतल्या कोणत्या कसोटीवर ठरला, हा त्यांचा सवाल होता.

या चारांतली तिसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. बाबासाहेबांच्या पाठीमागे असलेल्या समाजाचा विचार केला की तिचे वजन कळते. ज्याच्या घरी वडिलोपार्जित जमीन आहे, मुंबईत सॉलिसिटरची फर्म आहे, भावाचा व्यापार आहे, त्याला पाचशे काय आणि शून्य काय, मंत्रिपद परवडते. पण रत्नागिरीच्या खोती गावातून किंवा सोलापूरच्या गिरणीतून शिकून वर आलेल्या, मागे आईबाप, भावंडे आणि कर्ज असलेल्या माणसाचे काय? त्याला लोकांनी निवडून दिले तर त्याने घर कशावर चालवायचे? पगार कमी ठेवला की गरिबाचे राज्य येते हा समज इथे उलटा पडतो. बिनपगारी किंवा अपुऱ्या पगाराच्या पदावर श्रीमंत माणूस सुखाने बसतो आणि गरीब माणूस दाराबाहेर राहतो. वर चौथी कसोटी आहेच. ज्या खुर्चीवरून परवाने, ठेके आणि नेमणुका दिल्या जातात, तिच्यावर बसलेल्या माणसाला पोटासाठी इकडेतिकडे पाहायला लावणे म्हणजे लाचेला दार उघडे ठेवणे.

खेरांच्या बाजूने लोकांच्या दारिद्र्याचा आणि सेवेच्या आदर्शाचा आधार होता. समोरच्या बाजूने लोकशाहीचे दार सगळ्यांसाठी उघडे राहावे ही मागणी होती. काँग्रेस हा सभागृहातला सर्वांत मोठा पक्ष होता. विधेयक मंजूर झाले आणि पाचशेचा आकडा कायदा झाला.

दुसऱ्या देशांचा दाखला

आंबेडकरांची शंका निराधार नव्हती, हे ब्रिटनच्या पार्लमेंटचा इतिहास सांगतो. तिथे शतकानुशतके खासदाराला पगार नव्हता. सार्वजनिक सेवेचे मोल पैशात करू नये, अशी त्यामागची उदात्त समजूत. प्रत्यक्षात तिचा परिणाम असा की पार्लमेंट जमीनदार, व्यापारी आणि वकील यांचे राहिले. म्हणूनच १८३८ साली इंग्लंडच्या मजुरांनी ‘पीपल्स चार्टर’ काढला तेव्हा त्याच्या सहा मागण्यांत खासदाराला पगार ही एक ठळक मागणी होती. पगार मागणारे ते लोक लोभी नव्हते. पगाराशिवाय आपला माणूस तिथे पोहोचूच शकत नाही, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

१८९२ साली मध्य फिन्सबरीतून दादाभाई नौरोजी निवडून आले, त्यांनाही खासदार म्हणून एक पेनी मिळाली नाही. त्याच निवडणुकीत लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेले कीर हार्डी वेस्ट हॅममधून आले. त्यांच्यासारख्यांचा संसार लेखनावर आणि मजूर संघटनांच्या वर्गणीवर चाले. १९०९ साली न्यायालयाने संघटनांची ती राजकीय वर्गणीही बेकायदा ठरवली, तेव्हा मजुरांच्या खासदारांपुढे जगण्याचाच प्रश्न उभा राहिला. शेवटी १९११ साली लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने खासदारांना वर्षाला ४०० पौंड मिळू लागले. मजूर पक्षाची पुढची वाढ त्याशिवाय अवघड गेली असती.

अमेरिकेने हा प्रश्न आपली घटना लिहितानाच सोडवला होता. २ जून १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत एक्याऐंशी वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी राष्ट्राध्यक्षाला पगारच नसावा अशी सूचना मांडली. मान आणि पैसा एकाच पदात एकत्र आले की धटिंगण माणसे त्या पदामागे धावतात, असे त्यांचे म्हणणे. सभागृहाने ती आदराने ऐकली, बाजूला ठेवली आणि राष्ट्राध्यक्षाला पगार असलाच पाहिजे, तो त्याच्या मुदतीत वाढवताही येणार नाही आणि घटवताही येणार नाही, असे घटनेत लिहिले. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वातंत्र्ययुद्धात सेनापती म्हणून पगार घेतला नव्हता, फक्त खर्चाचा हिशेब दिला होता. १७८९ साली राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी पहिल्याच भाषणात तीच इच्छा व्यक्त केली. अमेरिकेच्या काँग्रेसने ऐकले नाही आणि वर्षाला २५,००० डॉलर ठरवले. वॉशिंग्टन मोठे जमीनदार होते, त्यांना पगाराची गरज नव्हती. पण त्यांच्या मागून येणारा प्रत्येक जण जमीनदार असेल, हे गृहीत धरणे लोकशाहीला परवडले नसते.

सव्वादोन वर्षांचा ताळेबंद

खेरांचे सरकार नोव्हेंबर १९३९मध्ये गेले. हिंदुस्थानला न विचारता त्याला महायुद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या सर्व मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. खुर्ची सैल हाताने धरली होती हे त्या दिवशी सिद्ध झाले. एवढ्या थोड्या काळात या सरकारने सत्याग्रहात जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा आणि कुळांच्या संरक्षणाचा कायदा केला, दुकानांतल्या नोकरांच्या कामाचे तास बांधून दिले आणि १ ऑगस्ट १९३९पासून मुंबईत दारूबंदी आणली.

त्याच सरकारने १९३८ साली औद्योगिक तंट्यांचा कायदाही केला. संपाच्या हक्कावर तो घाला आहे म्हणून डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप घडवून आणला आणि पोलिसांनी गोळीबारही केला. म्हणजे पाचशे रुपये घेणारा मंत्री कामगाराच्या बाजूचा असेलच असे नाही. सचोटी आणि धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल खेर मंत्रिमंडळाला मनापासून नमस्कार करता येतो, दुसरीबद्दल वाद घालता येतो.

युद्धाच्या महागाईनंतर १९४६ साली काँग्रेसची मंत्रिमंडळे परत आली तेव्हा पाचशेचा आकडा टिकला नाही. टिकायला नकोही होता. १९५० साली राज्यघटनेने राष्ट्रपतींचा पगार महिन्याला १०,००० आणि राज्यपालांचा ५,५०० रुपये ठरवला. १९३५च्या कायद्यात गव्हर्नर जनरलला वर्षाला २,५०,८०० म्हणजे महिन्याला २०,९०० होते, ते निम्म्याहून खाली आले. शिवाय डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्या दहा हजारांतलाही मोठा भाग आपण होऊन सोडला.

इथे एक अगदी कारकुनी वाटणारा पण सुंदर पेच उभा राहिला. पगार कायद्याने दहा हजार ठरला असेल, तर सोडून दिलेल्या रकमेवरही प्राप्तिकर द्यायचा का? न घेतलेल्या पैशावर कर भरायचा म्हणजे त्यागाची शिक्षाच. त्यासाठी १९५० साली संसदेने खास कायदा केला आणि १९६१ साली त्याच्या जागी दुसरा आणला. स्वेच्छेने सोडलेला पगार उत्पन्नात धरू नये, एवढेच तो म्हणतो. दोन-चार कलमांचा हा छोटा कायदा मला कराची आणि २३ ऑगस्ट या दोन्हींची सांगड घालणारा वाटतो. पदाचा पगार पुरेसा असावा, म्हणजे कोणाच्याही मुलाला तिथे बसता येईल. ज्याला गरज नाही त्याने तो सोडावा आणि सोडताना सरकारने त्याच्या वाटेत येऊ नये. त्यागाला जागा आहे, सक्ती नाही.

आजच्या वाचकासाठी

पगार सोडल्याच्या बातम्या आजही येतात. एप्रिल २०२०मध्ये कोरोनाच्या संकटात खासदारांच्या पगारात एका वर्षासाठी तीस टक्के कपात झाली आणि राष्ट्रपती, उपराष्ट्रपती व राज्यपालांनी स्वेच्छेने तेवढीच कपात स्वीकारली. एक रुपया पगार घेणारे मुख्यमंत्रीही आपण पाहिले. तमिळनाडूत १९९१ ते १९९६ या काळात जयललिता महिन्याला एक रुपया पगार घेत. त्याच काळातल्या बेहिशेबी मालमत्तेबद्दल सप्टेंबर २०१४मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, २०१५मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष न्यायालयाचा निकाल पुन्हा कायम केला. डिसेंबर २०१६मध्येच त्यांचे निधन झाल्यामुळे त्यांच्यापुरते अपील संपलेले होते. एक रुपयाच्या पावतीवरून माणूस स्वच्छ ठरत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कशाला हवा?

खेर आणि आंबेडकर हे दोघेही सार्वजनिक पैशाच्या बाबतीत निर्मळ होते. त्यांच्यातला वाद लोकांच्या पैशाविषयी किती गांभीर्याने बोलता येते याचा नमुना आहे. माझा निवाडा असा: १९३७च्या मंत्र्यांचा त्याग खरा होता आणि परकी राज्याच्या उधळपट्टीपुढे तो आवश्यकही होता. पण कायम टिकणारा नियम आंबेडकरांनी सांगितला. लोकप्रतिनिधीला लोकांनी पुरेसा, उघड आणि कायद्याने ठरलेला पगार द्यावा. त्यानंतर मात्र लोकांनी त्याच्याकडून पूर्ण हिशेब मागावा: पगार किती, भत्ते किती, घर, गाडी, दौरे आणि निवृत्तिवेतन किती, पदावर बसण्यापूर्वी मालमत्ता किती होती आणि उतरताना किती झाली. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे आज प्रत्येक निवडणुकीत जाहीर होतात. पुढच्या मतदानाआधी आपल्या मतदारसंघातली ती काढून वाचा, आणि मागच्या वेळच्या प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहा.